बारावीनंतर जर्मनीत बिझनेस शिकायचंय? तयारी अकरावीतच सुरू करा

जर्मनीत मास्टर्स करणारं कोणीतरी आता पुण्या-नाशकातल्या बऱ्याच नातेवाइकांत सापडतं. त्यामुळे बारावीच्या मुलांचे आईबाबा सगळ्यात आधी त्यांनाच फोन लावतात. अडचण अशी, की मास्टर्सचे नियम वेगळे आणि बॅचलर्सचे वेगळे. मास्टर्सला जाणाऱ्याच्या हातात इथली पदवी असते, इंग्रजीतून शिकायला भरपूर पर्याय असतात, वय बावीस-तेवीस असतं. बारावी झालेल्या मुलाकडे यातलं काहीच नसतं. हा लेख त्या मुलामुलींसाठी आहे, ज्यांना बारावी करून जर्मनीत बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची पदवी घ्यायची आहे आणि ज्यांच्या घरात हा रस्ता कोणी चाललेलं नाही.

या विषयाला तिकडे सगळे बे-वे-एल म्हणतात. विद्यापीठातली पदवी साधारण सहा सेमिस्टरची, म्हणजे १८० क्रेडिट्सची असते. दुसऱ्या प्रकारच्या संस्थांना होखशूल म्हणतात. तिथे शिकवणं उद्योगाच्या अंगाने जातं, अभ्यासक्रम बरेचदा सात सेमिस्टरचा असतो आणि त्यातलं एक सेमिस्टर कंपनीत काढायचं असतं. होखशूलची पदवी दुय्यम, हा आपल्याकडचा समज काढून टाका. नोकरीच करायची असेल तर बे-वे-एलसाठी होखशूल उत्तम. पुढे पीएचडी किंवा संशोधन डोक्यात असेल तर विद्यापीठ बघा.

माझ्या मते हा सगळा बेत दोन गोष्टींवर उभा राहतो किंवा पडतो: गणित आणि जर्मन भाषा. आणि दोन्हींचा निर्णय अकरावीचा फॉर्म भरताना होतो, बारावीच्या निकालानंतर नाही.

अकरावीचा फॉर्म

कॉमर्सला आपल्याकडे गणित ऐच्छिक आहे. कित्येक कॉलेजांत गणित किंवा एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस), असा पर्याय असतो आणि टक्के वाढतील म्हणून मुलं डोळे मिटून एसपी घेतात. बी.कॉम.साठी ते खपून जातं, बे-वे-एलला खपत नाही. पहिल्याच वर्षी डेरिव्हेटिव्ह, मॅट्रिक्स, प्रॉबॅबिलिटी, रिग्रेशन समोर येतं आणि तुमच्या शेजारी बसलेल्या जर्मन मुलाने हे शाळेत केलेलं असतं. त्याही आधी, श्टूडिएनकोलेगच्या, म्हणजे विद्यापीठाआधीच्या तयारीच्या वर्षाच्या, प्रवेश परीक्षेतच गणिताचा पेपर असतो. तेव्हा कॉमर्सला असाल तर गणित घ्याच. बारावी झालीच असेल आणि गणित नसेल, तर राज्य मंडळाची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं आणून घरी बसून सोडवा. याला पळवाट नाही.

दुसरं, भाषा. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला दुसरी भाषा म्हणून जर्मन घेता येते आणि पुण्या-मुंबईतली बरीच कॉलेजं ती शिकवतात. पण बोर्डाच्या जर्मनवर विसंबून राहू नका. त्याच्या जोडीने मॅक्स म्युलर भवन किंवा पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी रीतसर पातळ्या (ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१ अशा चढत्या) पूर्ण करा. अकरावीच्या पहिल्या महिन्यात ए-१ सुरू केलं, तर बारावीची परीक्षा सांभाळून बी-१ होणं शक्य असतं. बारावीनंतरच्या सुट्टीत सुरू करणाऱ्याचं एक अख्खं वर्ष भाषेतच जातं.

इंग्रजीतून शिकता येईल का?

येईल, पण पर्याय मोजके आहेत. क्लेव्ह या नेदरलँड्सच्या सीमेजवळच्या गावातल्या राइन-वाल होखशूलमध्ये इंग्रजीतून इंटरनॅशनल बिझनेस आहे. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या हाइलब्रॉन कॅम्पसवर मॅनेजमेंट अँड टेक्नॉलॉजी आहे. असे आणखी काही अभ्यासक्रम डाड (DAAD) या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या संकेतस्थळावर शोधता येतात. मात्र सरकारी संस्थांमधल्या या जागांवर जगभरातून अर्ज येतात.

मग एजंट सुचवतो ते खाजगी विद्यापीठ: इंग्रजीतून, थेट प्रवेश, वर्षाला दहा-बारा हजार युरो फी. खाजगी म्हणजे वाईट असं नाही. फालेंडारची डब्ल्यूएचयू खाजगीच आहे आणि तिचा दबदबा मोठा आहे. पण ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे ऐकून निघालेलं कुटुंब शेवटी तीस-पस्तीस लाख फीमध्येच घालतं, तेव्हा वाईट वाटतं. खाजगी संस्था घ्यायचीच असेल तर दोन गोष्टी तपासा. अ‍ॅनाबिन या सरकारी डेटाबेसमध्ये तिच्या नावापुढे एच-प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त असा शेरा, आहे का? आणि वर्ग प्रत्यक्ष भरतात की निम्मं ऑनलाइन आहे? विद्यार्थी म्हणून राहण्याचा परवाना प्रत्यक्ष हजर राहून शिकण्यासाठी असतो. हायब्रिड अभ्यासक्रमावर गेलेल्यांचे परवाने अडकतात.

शिवाय वर्ग इंग्रजीतून असले तरी इंटर्नशिपची मुलाखत, घरमालक, डॉक्टर आणि सरकारी पत्रं जर्मनमध्येच असतात. बिझनेसच्या नोकऱ्यांत तर ग्राहक जर्मन बोलतो. कोडिंग करणाऱ्याला कमी भाषेवर नोकरी मिळते, सेल्स किंवा अकाउंट्सवाल्याला मिळत नाही. म्हणून माझा स्पष्ट सल्ला, जर्मनमधूनच शिका.

बारावीनंतर थेट का नाही, आणि मग काय

आपली बारावी तिथल्या शालान्त परीक्षेच्या तोडीची धरली जात नाही, म्हणून तिथली विद्यापीठं तिला थेट प्रवेशाची पात्रता मानत नाहीत. मधे एक वर्ष भरून काढावं लागतं. त्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला, श्टूडिएनकोलेग. हे दोन सेमिस्टरचं तयारीचं वर्ष जर्मनीत करायचं. बिझनेसवाल्यांसाठी त्यात वे-कुर्स असतो: जर्मन, गणित, अर्थशास्त्र वगैरे. बर्लिनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत आणि हॅनोव्हरला तो आहे, इतरत्रही आहे. सरकारी कोलेगला शिकवणीची फी नसते, पण जर्मन आणि गणिताची प्रवेश परीक्षा असते. तिथे बसायला किमान बी-१ लागतं, बऱ्याच ठिकाणी बी-२. शेवटी एक पात्रता परीक्षा होते आणि तिच्या गुणांवर विद्यापीठ मिळतं.

दुसरा मार्ग, इथेच मान्यताप्राप्त विद्यापीठात एफवायबीकॉम किंवा एफवायबीबीए पूर्ण करायचं. दोन्ही सेमिस्टरचे सगळे विषय सुटलेले हवेत. एटीकेटी असेल तर ते वर्ष धरलं जात नाही. मग त्याच शाखेच्या विषयासाठी, म्हणजे बिझनेससाठी, थेट अर्ज करता येतो. एफवाय बी.एस्सी. करून बे-वे-एल मागता येणार नाही, हे सायन्सवाल्यांनी लक्षात ठेवावं. आणि थेट प्रवेशाला जर्मन सी-१ च्या तोडीचं लागतं, म्हणजे यांपैकी एक भाषा परीक्षा: डीएसएच-२, किंवा टेस्टडाफमध्ये चारही भागांत ४, किंवा टेल्कची सी-१ होखशूल. गोएथेची, म्हणजे मॅक्स म्युलर भवनची, साधी सी-१ परीक्षा काही विद्यापीठं धरतात, काही धरत नाहीत. तेव्हा परीक्षेचे पैसे भरण्याआधी त्या त्या विद्यापीठाची यादी वाचा.

आता कॅलेंडर मांडून बघा. समजा २०२७ च्या मे महिन्यात बारावीचा निकाल लागला. कोलेगवाला त्या पावसाळ्यात कागदपत्रं करेल, २०२८ च्या सुरुवातीला कोलेगमध्ये बसेल, वर्षभराने पात्रता परीक्षा देईल आणि २०२९ मध्ये पहिल्या सेमिस्टरला लागेल. एफवायवाल्याचं वर्ष २०२८ च्या उन्हाळ्यात संपेल, निकाल जून-जुलैत येईल, आणि जर्मनीत हिवाळी सेमिस्टरच्या अर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी १५ जुलैला संपते. म्हणजे त्याच वर्षी जाणं जवळजवळ अशक्य. तोही २०२९ च्या ऑक्टोबरलाच पोहोचेल. दोन्ही रस्ते साधारण एकाच वेळी एकाच दारात नेतात.

मग फरक कशात? कोलेगच्या वर्षाला जर्मनीत राहण्याचा पूर्ण खर्च आहे. एफवाय घरून होतं, एसवायही चालू ठेवता येतं आणि व्हिसा नाकारला तरी पदवी हातची जात नाही. उलट कोलेगमध्ये वर्षभर भाषा कानावर पडते, तिथल्या शिक्षकांची, परीक्षांची सवय होते आणि पहिलं सेमिस्टर खूप हलकं जातं. घरची ऐपत बेताची असेल आणि मुलगा इथे राहून नेटाने सी-१ करणारा असेल तर एफवायचा रस्ता घ्या. वर्षाचा खर्च झेपत असेल तर कोलेग. सतरा-अठराव्या वर्षी परक्या देशात उतरणाऱ्या मुलाला त्या वर्षाचा आधार फार मोठा असतो.

टक्क्यांचं जर्मन रूप

जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे काठावर पास. आपले टक्के त्या मापात बसवायला एक सूत्र वापरतात. शंभरातून तुमचे टक्के वजा करा, त्याला शंभर वजा पासिंगचे टक्के याने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. महाराष्ट्र बोर्डाचं पासिंग ३५. तुम्हाला ८२ टक्के असतील तर १८ भागिले ६५, गुणिले ३, अधिक १, म्हणजे १.८. पासष्ट टक्क्यांचे २.६ होतात. बे-वे-एलला बऱ्याच विद्यापीठांत जागा मर्यादित असतात आणि गुणांवर यादी लागते, म्हणून हा आकडा आधी काढून ठेवा. मानहाइमचं बे-वे-एल देशात नावाजलेलं आहे, तिथे २.६ घेऊन उभं राहण्यात अर्थ नाही. लहान गावांतल्या होखशूलमध्ये तोच आकडा चालू शकतो. यादीत पाच-सहा नावं ठेवा, आणि त्यात निदान दोन अशी ठेवा जिथे चढाओढ कमी आहे.

कागदपत्रं

१ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएसचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे. दिल्लीतलं हे कार्यालय तुमच्या गुणपत्रिका खऱ्या आहेत का आणि तुम्ही कोणत्या मार्गाने पात्र ठरता, ते तपासतं. फी १८,००० रुपये आहे. कित्येक विद्यापीठं अर्जासोबतच हे प्रमाणपत्र मागतात, म्हणून मुदतीआधी निदान तीन महिने ते हातात यायला हवं. दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिकांवर आणि पासपोर्टवर नाव सारखं आहे ना, हे आजच बघा. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आणि पासपोर्टवर वडिलांचं नाव गायब, असं सर्रास असतं. तफावत असेल तर पासपोर्ट वेळेत दुरुस्त करून घ्या.

अर्ज बहुतेक ठिकाणी युनि-असिस्ट या परदेशी अर्ज तपासणाऱ्या सामायिक संस्थेमार्फत जातो. पहिल्या विद्यापीठाचे ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाचे ३०. काही विद्यापीठं स्वतःच्या पोर्टलवर घेतात. शेवटच्या आठवड्यात अर्ज टाकू नका. एखादा कागद कमी पडला तर ते कळायलाच दोन-चार आठवडे जातात आणि तोवर मुदत संपते.

पैशांचा हिशोब

सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी सहसा नसते, सेमिस्टरला शंभर ते चारशे युरोंचं शुल्क असतं. अपवाद दोन लक्षात ठेवा. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं. मानहाइम, श्टुटगार्ट, हायडेलबर्ग सगळी त्याच राज्यात. आणि म्युनिकची टेक्निकल युनिव्हर्सिटी २०२४-२५ च्या हिवाळी सेमिस्टरपासून नव्या विद्यार्थ्यांकडून बॅचलर्सला सेमिस्टरमागे २,००० ते ३,००० युरो घेते.

खरा खर्च राहण्याचा. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासूनचा हा आकडा आहे, अर्ज करताना नवा काय आहे ते बघून घ्या. युरो शंभर रुपये धरला तर बारा लाखांच्या घरात जातो. तिथे पोहोचल्यावर महिन्याला ९९२ युरो सुटतात. त्यातले दीडशेच्या आसपास आरोग्य विम्याला आणि वसतिगृह मिळालं तर अडीचशे ते चारशे खोलीला. उरलेल्यात घरी स्वयंपाक करणाऱ्याचं भागतं. म्युनिकमध्ये मात्र वसतिगृह नसेल तर भागत नाही.

परदेशात पैसे पाठवताना एका आर्थिक वर्षात दहा लाखांच्या वर गेलात की वरच्या रकमेवर बँक टीसीएस (आगाऊ कर) कापते. तो रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या पैशावर तो लागत नाही. ही मर्यादा प्रत्येक व्यक्तीला वेगळी असते, म्हणून सगळी रक्कम एकट्या वडिलांच्या खात्यातून पाठवण्याआधी सीएशी बोला.

शिष्यवृत्तीवर बेत आखू नका. परदेशी शिक्षणाच्या बहुतेक सरकारी शिष्यवृत्त्या मास्टर्स आणि पीएचडीसाठी आहेत. तिथे प्रवेश झाल्यावर डॉइचलांडश्टिपेंडियमला अर्ज जरूर करा. महिन्याला ३०० युरो मिळतात आणि नागरिकत्वाची अट नाही.

व्हिसा

महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. आता कागदपत्रं आधी ऑनलाइन पोर्टलवर चढवायची, मग बोलावतील तेव्हा मूळ कागद आणि बोटांचे ठसे द्यायला जायचं. फी ७५ युरोंइतकी. निर्णयाला दोन-तीन महिने धरून चाला.

मोटिव्हेशन लेटर स्वतः लिहा. कन्सल्टन्सीचा तयार मजकूर तिथल्या अधिकाऱ्याने शेकडो वेळा वाचलेला असतो. तुम्ही कोणते विषय शिकलात, हाच अभ्यासक्रम का, त्यातला कोणता मोड्यूल तुमच्या कामाचा, पुढे काय करणार, हे साध्या वाक्यांत लिहा. वडिलांचं दुकान असेल, घरचा बेदाण्याचा किंवा काजूचा व्यवसाय असेल, तर ते लपवू नका. बिझनेस शिकायला त्याहून चांगलं कारण कोणतं? हे सगळं नीट करण्याचं आणखी एक कारण आहे: नकारावर फेरविचार मागायची पूर्वीची सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता नकार आला तर पुन्हा नव्याने अर्ज, किंवा बर्लिनच्या न्यायालयात दावा.

पोहोचल्यावरचे पहिले आठवडे

खोली शोधणं प्रवेश शोधण्याइतकंच कठीण आहे. प्रवेशपत्र येताच त्या शहराच्या श्टूडिरेंडनवेर्ककडे (विद्यार्थी सेवा संस्थेकडे) वसतिगृहाचा अर्ज टाका, प्रतीक्षायादी लांब असते. ऑनलाइन दिसलेल्या स्वस्त खोलीसाठी, घरमालक परगावी आहे आणि चावी कुरियरने येईल, असं कोणी सांगितलं तर एक पैसाही पाठवू नका. डिपॉझिट कायद्याने मूळ भाड्याच्या तीन महिन्यांहून जास्त घेता येत नाही.

राहायला लागल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते. तिला घरमालकाची सही असलेला कागद लागतो, म्हणून करार करतानाच ‘नोंदणी करता येईल ना’ हे विचारा. नोंदणीशिवाय पुढचं काही हलत नाही: बँक, करक्रमांक, निवासी परवाना सगळं त्यावर अवलंबून. काही दिवसांत नभोवाणी शुल्काचं पत्र येईल. ते घरटी महिन्याला १८.३६ युरो असतं आणि टीव्ही नसला तरी द्यावंच लागतं, घरात चौघे असाल तर वाटून घ्या. पत्रपेटी रोज उघडा. तिथलं सरकार आजही कागदी पत्र पाठवतं आणि पत्रातली तारीख चुकली की दंड येतो.

म्युनिक, फ्रँकफर्टसारख्या शहरांत मराठी मंडळं आहेत, गणपतीला जरूर जा. फक्त पहिलं वर्षभर सगळ्या संध्याकाळी मराठी मुलांतच गेल्या तर जर्मन बी-२ वरच थांबते.

अभ्यास आणि परीक्षा

इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या. हजेरी बरेचदा घेतलीच जात नाही, युनिट टेस्ट नाही, सबमिशनसाठी मागे लागणारे सर नाहीत. सेमिस्टरच्या शेवटी एक लेखी परीक्षा, आणि विषयाचे सगळे गुण तिच्यावर. परीक्षेला बसायचं तर पोर्टलवर ठरावीक दिवसांत आपली आपण नोंदणी करायची. ती राहिली तर अभ्यास कितीही झाला असो, बसता येत नाही.

एका विषयाला बहुतेक ठिकाणी तीनच प्रयत्न मिळतात. तिसऱ्यांदा नापास झालात तर नाव कमी होतं आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसऱ्या विद्यापीठातही सहसा शिकता येत नाही. व्हिसा शिक्षणावरच असल्याने तोही धोक्यात येतो. आपल्याकडच्या एटीकेटीच्या सवयीने ‘बसून तर बघू’ म्हणत पहिला प्रयत्न वाया घालवू नका. कितव्या दिवसापर्यंत माघार घेता येते, हे तुमच्या अभ्यासक्रमाच्या परीक्षा नियमावलीत असतं. ती कंटाळवाणी पुस्तिका पहिल्या आठवड्यात वाचा.

मुलं अडखळतात ती गणित आणि स्टॅटिस्टिक्सला. बुककीपिंगमध्ये मात्र आपली कॉमर्सची मुलं पुढे असतात. रोखीने माल घेतला तर आपण लिहितो ‘खरेदी खाते नावे, रोख खात्याला’. जर्मन मुलगा लिहितो ‘वारेन आन कासे’. नावेची बाजू आधी, जमेची नंतर, रचना तीच. बारावीला किर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद मनापासून केलेल्या मुलीला नवं शिकायचं उरतं ते खात्यांच्या क्रमांकांचं आणि १९ व ७ टक्के व्हॅटचं, आणि त्यातली वजावटही आपल्या जीएसटीच्या इनपुट क्रेडिटसारखीच चालते. वर्गमित्रांना हा विषय समजावून द्या आणि बदल्यात त्यांच्याकडून गणित घ्या. अभ्यासगट बांधायला यासारखी संधी नाही.

नोकरी

शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. किमान वेतन जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे. पहिल्या सेमिस्टरला काम टाळा, फार तर शनिवारी करा. दुसऱ्या वर्षापासून मात्र डिलिव्हरी किंवा गोदामाच्या कामात न अडकता वेर्कश्टूडेंट म्हणून कंपनीत लागण्याचा प्रयत्न करा. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंतचं हे काम तुमच्या विषयातलं असतं आणि पदवीनंतरची पहिली नोकरी बरेचदा तिथूनच मिळते. अर्ज करताना मराठी, हिंदी, इंग्रजी आणि जर्मन या चारही भाषा वर लिहा. चाकणला कारखाना असलेल्या किंवा पुण्यातून माल घेणाऱ्या जर्मन कंपनीच्या खरेदी विभागात असा माणूस उपयोगी पडतो.

पदवी हाती आल्यावर नोकरी शोधायला अठरा महिन्यांचा निवासी परवाना मिळतो. तो आपोआप मिळत नाही, जुना संपायच्या आत परदेशी नागरिक कार्यालयात अर्ज करावा लागतो आणि त्या अठरा महिन्यांत खर्च कशातून भागवणार ते दाखवावं लागतं. मोठ्या शहरांत या कार्यालयाची वेळ मिळायला काही महिने लागतात, म्हणून शेवटचा प्रबंध लिहायला घ्याल त्याच आठवड्यात ती वेळ मागून ठेवा.